डोंगरभटकंती, सोलापूर परिसरातील

मित्रमंडळींनी शनिवार-रविवार साधून केलेली डोंगरकड्यांची, घाटवाटांची व किल्ल्यांची पायी सहल. बोलीत ‘ट्रेक’ हाच शब्द रूढ. सोलापूरकरांच्या ट्रेकला शिखर क्वचितच असते, असते ती पठाराची कड. शहराची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४५० मी., तर ४५ किमी.वरील तुळजापूरची सुमारे ६५० मी. घाट चढून गेले की पलीकडे उतार लागत नाही, ज्वारीची रानेच लागतात. दख्खनच्या बेसाल्ट थरांची ही रचना आहे. माथा सपाट, कड तुटलेली.

ही कड बालाघाट रांगेची. नावात फार्सी ‘बाला’ म्हणजे वरचा हा शब्द मानतात. घाटावरचा मुलूख तो बालाघाट आणि खालचा तो पाईनघाट, अशी जोडी मोगल काळापासूनच्या राज्यव्यवहारात आढळते व ती वऱ्हाड आणि कर्नाटकातही लावलेली दिसते. त्यावरून हे नाव आधी मुलखाचे व मागाहून डोंगराचे झाले असावे. रांगेच्या व्याप्तीबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेस धाराशिवपर्यंत ‘हरिश्चंद्र-बालाघाट’ अशी एकच रांग धरतात, तर काही पूर्वेकडील भागापुरतेच बालाघाट हे नाव राखतात. गोदावरी व भीमा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक म्हणून पाहिल्यास पहिले मत अधिक सोयीचे ठरते.

सर्वांत रुळलेले ठिकाण नळदुर्ग (जि. धाराशिव). हैदराबाद रस्त्यावर असल्याने एका दिवसात जाऊन येता येते. मूळ बांधकाम कल्याणीच्या चालुक्यांच्या एखाद्या मांडलिकाचे असावे. नळ-दमयंतीशी जोडलेली नावाची उपपत्ती लोककथेपलीकडे जात नाही. दगडी तटबंदीचा आरंभ बहमनी काळात मानतात. बोरी नदीवरील बंधाऱ्याचे श्रेय काहीजण पहिल्या अली आदिलशहास देऊन १५५८ हे वर्ष सांगतात. मात्र ते त्याच्या राज्यारोहणाचेच वर्ष असल्याने एवढे काम तेव्हा पुरे झाले असेल, हे पटण्यास जड जाते. बंधाऱ्याच्या पोटातील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा (१६१३) आहे. आज दिसणारा बंधारा व महाल यांचा एकत्र विचार करणेच बरे. पाणी वाढले की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून धबधबे कोसळतात व महालाच्या खिडकीत उभे राहणाऱ्यासमोर पाण्याचा पडदा येतो. निजाम व इंग्रज यांच्यातील १८५३ च्या तहानंतर काही वर्षे मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी येथे राहत होता.

येडशीजवळील रामलिंग घाटात वाट उलटी, आधी दरीत उतरायचे. पावसाळ्यात धबधबा असतो आणि माकडे बारमाही. माळशिरस तालुक्यात महादेव डोंगररांगेच्या शाखा शिरतात. तेथून शिखर शिंगणापूरकडे जाणारे भटके असतात, पण ती वाट मुख्यतः यात्रेकरूंची. गड चढण्याची हौस असणारे शुक्रवारी रात्रीच्या गाडीने पुण्याकडे जातात.

हा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस सुमारे ५५० मिमी. व त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा. त्यामुळे सह्याद्रीत गर्दी ओसरू लागते तेव्हा येथला हंगाम भरात येतो व जानेवारीपर्यंत चालतो. मार्चनंतर ऊन चढते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पावसात काळी माती बुटाला थरावर थर चिकटून पाय जड करते, तर दिवाळीनंतर कुसळे मोज्यांत रुततात. ती धुऊन निघत नाहीत, एकेक उपटावी लागतात, आणि परतीच्या एसटीत निम्मी मंडळी याच उद्योगात असतात.

शिदोरीत मात्र सोलापूरकर इतर भटक्यांच्या पुढे आहेत. ज्वारीची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, शेंगाचटणीला पाणी लागत नाही, आणि दोन्हींना चूल नको. भाकरी पाठपिशवीत उभी ठेवली तर तिचा चुरा होतो, म्हणून ती डब्यात आडवी ठेवतात. तरी चुरा झालाच, तर वाटेतल्या गावातून दही घेऊन त्यात कालवतात.