‘स्टोरीत दम नाही’ म्हणजे नेमकं कशात?

परवा सिनेमा सुटल्यावर आम्ही पार्किंगमध्ये गाडी बाहेर यायची वाट बघत उभे होतो. काका म्हणाले, “स्टोरीतच दम नाही.” वहिनी म्हणाली, “स्टोरी छान होती हो, पण किती ताणली!” भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “स्टोरी प्रेडिक्टेबल होती.” शब्द तिघांचा एकच, पण बोलत होते तिघं तीन गोष्टींबद्दल. काकांना विषयच पटला नव्हता. वहिनीला विषय पटला होता, पण तो मांडायला घेतलेला वेळ नाही. भाच्याला पुढचं आधीच कळत होतं, म्हणजे काय कधी उघड करायचं यात कोणीतरी चुकलं होतं. खऱ्या अर्थानं कथेबद्दल बोलत होते ते एकटे काका. बाकीच्या दोघांची तक्रार पटकथेबद्दल होती आणि शिव्या खात होती बिचारी कथा.

याला कारण आहे. आपल्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत ‘कथा, पटकथा, संवाद’ हे तीन शब्द एका दमात येतात, पुष्कळदा एकाच माणसाच्या नावावर. ऐकून ऐकून ते ‘चहापाणी’सारखं एकच होऊन बसलं आहे. वस्तू मात्र तीन आहेत. फिल्मफेअरमध्ये त्यांना पारितोषिकंही वेगवेगळी आहेत. ऑस्करमध्येसुद्धा एके काळी कथेला स्वतंत्र पारितोषिक होतं, १९५६ सालच्या सिनेमांनंतर ते बंद झालं. पटकथेची मात्र तिथे आजही दोन आहेत, स्वतंत्र पटकथेचं एक आणि आधाराने लिहिलेल्या पटकथेचं दुसरं.

कथा म्हणजे काय घडलं. कोण, कुठला, त्याच्यावर काय वेळ आली, शेवटी काय झालं. ती फोनवर सांगता येते. पटकथा म्हणजे तेच कुठून सुरू करायचं, कोणाच्या नजरेनं दाखवायचं, कशावर रेंगाळायचं, काय गाळायचं आणि प्रेक्षकापासून काय लपवून ठेवायचं. कागदावर ती दृश्यांच्या तुकड्यांत असते: स्थळ, घराच्या आत की बाहेर, दिवस की रात्र, कोण आहे, काय करतं, काय बोलतं. ढोबळ हिशोब असा की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाला शंभर-सव्वाशे पानं लागतात. त्यातली कथा दोन पानांत बसते, बाकी सगळी पानं पटकथेची. ‘पट’ म्हणजे इथे पडदा हे ठाऊक आहे, पण मला दर वेळी सोंगट्यांचा पट आठवतो. सोंगट्या त्याच असतात, डाव कसा मांडला त्यावर खेळ.

‘दृश्यम’ घ्या. जीतू जोसेफ यांनी लिहून दिग्दर्शित केलेला मूळ मल्याळम सिनेमा २०१३ चा. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तो हिंदीत केला आणि गोव्यात आणून बसवला. कथा अशी: चौथी नापास केबलवाला, बायको, दोन मुली. थोरल्या मुलीचा व्हिडिओ काढून तिला धमकावणारा पोरगा घरातल्यांच्या हातून मरतो. त्याची आई नेमकी पोलिसांत मोठ्या हुद्द्यावर. बाप आपल्या माणसांना वाचवायला उभा राहतो. एवढं सांगितलं तरी सिनेमा नासत नाही.

आता पटकथा बघा. सुरुवातीचा बराच वेळ काहीच ‘होत’ नाही. हा माणूस रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघतो, पैसे खर्चायचे म्हटलं की त्याच्या जिवावर येतं, गावातल्या पोलिसाशी त्याची तणातणी चालते. “पहिला अर्धा तास उडवायला हवा होता,” असं मी किमान चार जणांकडून ऐकलं आहे. उडवून बघा. मग चौथी नापास माणूस अख्ख्या पोलीस खात्याला चकवतो यावर कोण विश्वास ठेवेल? कायदा, साक्ष, पुरावा हे सगळं तो सिनेमे बघून शिकला आहे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत शिकला आहे. तो कंटाळवाणा वाटणारा अर्धा तास म्हणजे पेरणी आहे, कापणी पुढे होते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मायलेकींनी अंगणात पुरलेलं प्रेत आपण बघितलेलं असतं. त्यामुळे पोलीस तिथे कुदळ मारतात तेव्हा आपलाही जीव टांगणीला लागतो. प्रत्यक्षात बापानं ते कधीच हलवलेलं असतं. कुठे, ते अगदी शेवटच्या दृश्यात कळतं. (तेवढी जागा सांगत नाही, अजूनही न पाहिलेले लोक असतात.) कथेत ती रात्र मध्यावर आहे, पटकथेनं ती उचलून शेवटाला नेली. घटना तीच, जागा बदलली, आणि तमिळ, तेलुगू, कन्नड, सिंहलीपासून चिनीपर्यंत लोकांनी हा सिनेमा पुन्हा बनवला.

माझ्या आत्यानं मला ‘दृश्यम’ आधीच फोनवर सांगितला होता. अगदी क्रमवार, घडलं तसं. पोरगा मेला, पुरला, मग त्यानं रात्री जाऊन तो काढला आणि नेला अमुक ठिकाणी. कथा तिनं तंतोतंत सांगितली. खून झाला तो पटकथेचा.

म्हणून “स्टोरी फोडू नकोस रे” असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला वाचवायची असते ती पटकथा. कथा तर ट्रेलरच निम्मीअधिक सांगून टाकतो आणि आपण तरीही तिकीट काढतो. कथा ठाऊक असली की मजा गेली असं असतं तर १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला कोणी फिरकलंच नसतं. तुकोबांचं शेवटी काय झालं हे महाराष्ट्रात शेंबड्या पोराला माहीत होतं. तरी मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षभराहून जास्त चालला. शिवराम वाशीकरांच्या लेखणीनं तुकोबांइतकीच जागा त्यांच्या बायकोला दिली. घरात दाणा नाही आणि नवरा अभंगात, म्हणून करवादणारी, देवाला चार शब्द सुनावणारी, तरी त्याच नवऱ्याच्या मागे उभी राहणारी ती बाई. चरित्र सगळ्यांचं पाठ होतं, पण त्या घरात उंबऱ्याच्या आत नेऊन कोणी बसवलं नव्हतं.

कथा आणि पटकथा वेगळ्या करून बघायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकाच कथेवरचे दोन सिनेमे. ‘अशी ही बनवाबनवी’ला आपण इतकं घरचं मानतो की ती कथा मूळची इथली नाही हे कोणाला सांगितलं तर राग येतो. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये ‘बीवी और मकान’ केला होता. घर हवं, भाड्यानं फक्त जोडप्यांनाच देणार, म्हणून मित्रांतल्या दोघांनी बायका व्हायचं, हे सगळं तिथे होतं. तो आज कितीजणांना आठवतो? १९८८ मध्ये वसंत सबनीसांनी तो मराठीत लिहिला, सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केला, आणि अजून टीव्हीवर लागला की कोणी चॅनेल बदलत नाही. इथे कोणी म्हणेल, ते तर संवादांमुळे. खरं आहे, निम्मं. सत्तर रुपयांचा तो विनोद आपण लग्नकार्यातही वापरतो आणि ते श्रेय संवादाचंच. पण संवाद उचलून बाजूला ठेवले तरी खाली जो सांगाडा उरतो तो बघण्यासारखा आहे. एक थाप निभवायला दुसरी, दुसरीला तिसरी. घरमालकीण जितकी प्रेमानं जवळ येते तितका गळ्याचा फास आवळतो. प्रत्येक दारामागे कोणीतरी नको तो माणूस उभा आहे. आवाज बंद करून बघितला तरी हसू येतं ते त्या सांगाड्याचं.

उलटा प्रकार ‘सैराट’ आणि ‘धडक’चा. २०१६ चा एक, २०१८ चा दुसरा, पळून जाणारं जोडपं तेच. हिंदीत गाव गेलं, उदयपूर आलं. हैदराबाद गेलं, कोलकाता आलं. तेवढं चालतं, कथेला गावं बदललेली सोसतात. पण नागराज मंजुळेंच्या सिनेमात वर्गात पाटलाचा पोरगा मास्तरांच्या कानफटात मारतो आणि बापाला त्याचं कौतुकच वाटतं. जातीवर एक भाषण नाही, फक्त एक थप्पड, आणि तिथून पुढे प्रत्येक गाण्याखाली भीती वाहत राहते. हैदराबादच्या झोपडपट्टीत पाटलाच्या लेकीला संडासाच्या वासानं जेवण जात नाही, दोघं भांडतात, संशय घेतात, पुन्हा उभे राहतात. हा भाग “लांबला” म्हणणारे मला खूप भेटले. मला तो सिनेमाचा कणा वाटतो. इतका वेळ त्यांच्याबरोबर संसार मांडल्यामुळेच शेवटी आवाज बंद होतो तेव्हा आपलाही श्वास बंद होतो. ‘धडक’मध्ये ही पेरणी पातळ झाली, शेवटही बदलला, आणि लोक बाहेर येऊन म्हणाले, “स्टोरीच जमली नाही.” स्टोरी तर तीच होती!

आणि मग ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमाबद्दल २०१५ मध्ये थिएटरबाहेर माझ्या शेजारचे एक गृहस्थ तावातावानं म्हणाले होते, “अहो, स्टोरीच नाही यात!” त्यांचं काही चुकलं नाही. म्हातारा लोकशाहीर, त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगारानं आत्महत्या केली असा आरोप, आणि तारखांवर तारखा. कथा संपली. पण पटकथा काय करते? कोर्ट सुटलं की ती वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जाते. सरकारी वकीलबाई घरी येऊन स्वयंपाकाला लागतात, बचाव पक्षाचा वकील गाडीत गाणी लावून सामान आणायला जातो, न्यायाधीश सुट्टीत सहलीला. वरवर बघता खटल्याशी याचा काही संबंध नाही. पण ज्यांच्या हातात एका म्हाताऱ्याचं आयुष्य आहे ती माणसं घरी कशी असतात हे पाहिल्यावर पुढची तारीख ऐकताना पोटात गोळा येतो. ज्याला कथा हवी होती त्याला तो सिनेमा रिकामा वाटणारच. मला मान्य आहे, पण मग तक्रार ‘मला अशी मांडणी झेपत नाही’ अशी हवी. ‘स्टोरी नाही’ हा त्या सिनेमाचा दोष नाही, ते त्याचं वर्णन आहे.

कादंबरीवरून सिनेमा झाला की हा घोळ वाढतो. “पुस्तकातलं अमुक घेतलंच नाही,” हे वाचणाऱ्या माणसाचं आवडतं वाक्य, माझंही. पण ‘सिंहासन’साठी विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून एक पटकथा काढली. दोन कादंबऱ्या एका सिनेमात मावायच्या म्हणजे बरंच काही दाराबाहेर ठेवावं लागणार. काय ठेवलं आणि काय गाळलं, तीच तर पटकथाकाराची मजुरी.

मी स्वतःपुरती एक चाचणी ठेवली आहे. घरी येऊन सिनेमा चार वाक्यांत सांगून बघायचा. सांगताना ऐकणारा पुढे सरकून बसला, पण थिएटरात मात्र जांभया येत होत्या, तर कथा बरी आणि पटकथा नापास. सांगताना “मग? पुढे?” असं कोणी विचारतच नाही, पण थिएटरात आपण खिळून होतो, तर पटकथेनं वाचवलं. दोन्हीकडे जांभया असतील तर काकांचं बरोबर. “असं कुठे होतं का?” ही तक्रार मात्र फसवी असते. योगायोग वाटेल तेवढे खपतात, आधी पायवाट घातलेली असली की. ती नसली की खरी घडलेली घटनाही खोटी वाटते.

या चाचणीला एक भोक आहे, ते कबूल करतो. खुर्चीत बसून आपल्याला कागद दिसत नाही. उत्तम लिहिलेलं दृश्य चित्रीकरणात बिघडलं, संकलनाच्या टेबलावर कापलं गेलं, मध्यंतर नको तिथे पाडलं, असं होतंच. तेव्हा ‘पटकथा गंडली’ म्हणतानाही थोडं जपून बोलावं. ‘मध्यंतरानंतर गंडला’ असं म्हणणं जास्त सुरक्षित.

खरं तर यात आमच्या आत्याचा हात कोणी धरणार नाही. गेल्या आठवड्यात तिनं घरी बसून नवा एक सिनेमा बघितला. कसा वाटला म्हणून मी फोनवर विचारलं, स्टोरी सांगू नकोस असंही बजावलं. तर म्हणाली, “सुरुवातीला हात रिकामे ठेवून बघत होते रे. मध्येच मेथी निवडायला घेतली. अख्खी जुडी निवडून, धुऊन, चिरून झाली, तरी तो मेला अजून विमानतळावरच.”