सहा हजारांत सहा

निफाडचा पारा जानेवारीत ६ अंशांखाली घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ४० च्या वर तापायला वेळ लागत नाही. कॅन्सरच्या ‘लिक्विड बायोप्सी’साठी, म्हणजे गाठीचा बदललेला डीएनए रक्तात शोधणाऱ्या चाचणीसाठी, नाशिकमध्ये रक्त घेऊन ते बाहेरगावच्या प्रयोगशाळेला पाठवणाऱ्याला ही दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. पांढऱ्या पेशी फुटू न देणारं द्रव्य असलेली खास नळी मिळते. तिच्या एका प्रचलित प्रकारात रक्त ६ ते ३७ अंशांत १४ दिवसांपर्यंत टिकतं. द्राक्षाची पेटी शीतगृहात जाते म्हणून ही नळीही बर्फात घालणारे असतात. तिथेच नमुना बिघडतो.

मरणाऱ्या पेशींचा डीएनए रक्तात सांडतो, निरोगी माणसाचाही. त्याचे साधारण १६६ अक्षरजोड्यांचे तुकडे होतात. गाठीतून आलेले बहुधा त्याहून थोडे आखूड असतात. सुमारे पाव तास ते अडीच तासांत त्यातले निम्मे नाहीसे होतात, म्हणून आजचं रक्त आजचीच गाठ दाखवतं. रक्तात असे तुकडे मिळाले म्हणजे कॅन्सर पसरलाच, असं मात्र नाही. एकाच जागी असलेली गाठही ते सोडते.

आता हिशोब बघा. १० मिली रक्तातून साधारण ४ मिली प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, निघतो. मिलीमागे ५ नॅनोग्रॅम डीएनए धरला तर एकूण २०, म्हणजे एखाद्या जनुकाच्या अंदाजे ६,००० प्रती. त्यातला ०.१ टक्का गाठीचा असेल तर बदललेल्या प्रती फक्त ६. ०.०१ टक्का असेल तर नळीत एकही नसू शकते. मग यंत्र कितीही महागडं असो, ते शोधणार काय? त्याच नळीत सुमारे ७ कोटी पांढऱ्या पेशी असतात. हजारात एक जरी फुटली तरी १,४०,००० निरोगी प्रती त्यात मिसळतात आणि त्या ६ बुडून जातात.

म्हणून साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) नळीत रक्त घेतलं तर दोन-चार तासांत प्लाझ्मा वेगळा करायचा. नळी ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात. आधी सेंट्रिफ्यूज यंत्रात १,६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,६०० पट जोर) वेगाने १० मिनिटं फिरवायची. तीन थर दिसतात: वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल पेशी, मध्ये पांढऱ्या पेशींचा पांढरट पापुद्रा. पिपेटचं टोक पापुद्र्याला लागू नये म्हणून तळाशी थोडा प्लाझ्मा सोडून द्यायचा. काढलेला प्लाझ्मा पुन्हा १६,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवायचा. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) इथे चालत नाही, कारण रक्त गोठताना पांढऱ्या पेशी डीएनए सोडतात.

पापुद्रा फेकू नये. वय वाढतं तसे रक्तपेशींतही डीएनएमटी३ए, टेट२ अशा जनुकांत बदल साठतात, कधी टीपी५३ मध्येही. पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासला नाही, तर ते बदल गाठीच्या नावावर जमा होतात. असा रिपोर्ट वाचून औषध ठरवणं धोक्याचं.

पसरलेल्या कॅन्सरमध्ये या चाचणीचं खरं मोल कळतं. यकृतातली गाठ आणि हाडातली गाठ एकाच मुळाच्या, पण बदल वेगवेगळे असू शकतात. नेहमीच्या बायोप्सीची सुई एकाच जागी टोचते; रक्तात मात्र सगळ्यांचा गाळ येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातला मूळ बदल रक्तातल्या ८ टक्के प्रतींत आणि गोळीला न जुमानणारा त्याच जनुकातला टी७९०एम हा बदल २ टक्के प्रतींत दिसला, तर गाठीच्या साधारण पाव भागाने जेफिटिनिबसारख्या गोळीला दाद देणं सोडलंय, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. तिथे टी७९०एमवरही चालणाऱ्या ओसिमर्टिनिब या औषधाचा विचार होतो.

शस्त्रक्रियेनंतर कॅन्सरचा अंश उरलाय का, हे पाहायला लगेच रक्त घेण्यात अर्थ नसतो, कारण जखमेतून निरोगी डीएनए भरमसाट सांडत असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायनॅमिक’ चाचणीत दुसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ४५५ रुग्णांचा अभ्यास होता. त्यात चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त घेतलं. केमो द्यायची की नाही हे रक्तावरून ठरवलेल्या गटात १५ टक्क्यांना ती द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना; दोन वर्षांत कॅन्सर न उलटण्याचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच, ९३.५ आणि ९२.४ टक्के.

‘आढळले नाही’ हा शेरा वाचताना गाठ कुठे आहे ते आधी पाहावं. यकृतातली गाठ भरपूर डीएनए सोडते, पोटाच्या आवरणावरची कमी. मेंदूतली तर फारच कमी, कारण रक्त आणि मेंदू यांच्यात अडसर असतो. तिथले तुकडे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जास्त सापडतात, पण ते पाणी काढायला पाठीत सुई घालावी लागते.