कचऱ्याचा खर्च कंपनी करते, पण कुठल्या खिशातून?

आमच्या सोसायटीशेजारच्या बागेत प्लास्टिकच्या बाटल्या चुरडणारं एक यंत्र आहे. म्हणजे होतं. फीत कापली, कंपनीचं नाव ठळक अक्षरांत झळकलं, चारेक महिने पोरांनी हौसेनं बाटल्या टाकल्या, मग पडदा काळा झाला तो झालाच. आता त्याच्या सावलीत एक मांजर झोपतं. परवा खालच्या मजल्यावरचे काका वैतागून म्हणाले, "कंपन्यांना कायद्यानं बंधन आहे ना? मग दुरुस्त का नाही करत?"

बंधन आहे, पण एक नाही, दोन आहेत. आणि काकांचीच काय, बातम्या लिहिणाऱ्यांचीही त्यात गल्लत होते.

पहिलं सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्व. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कशावर, ते कायद्याच्या यादीतून कंपनीनं निवडायचं. शाळा बांधा, झाडं लावा, नाहीतर बागेत यंत्र बसवा. जिचं एकही वेष्टन कचऱ्यात सापडणार नाही अशी सॉफ्टवेअर कंपनीही हे यंत्र देऊ शकते. आणि पुढच्या वर्षी तिला शाळा आवडली, तर यंत्राला कोणी वाली नाही.

दुसरं ईपीआर, विस्तारित उत्पादक जबाबदारी. इथे नफ्याशी घेणंदेणं नाही, तोट्यातली कंपनीही सुटत नाही. तुम्ही बाजारात प्लास्टिकचं जितकं वेष्टन उतरवलं, तितका कचरा गोळा होऊन प्रक्रियेला गेला याचा हिशेब द्या. प्लास्टिकसाठी हे २०१६ च्या नियमांत आलं, पण आकडे बसले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये: उत्पादकांसाठी २०२१-२२ ला २५ टक्के, पुढच्या वर्षी ७०, आणि २०२३-२४ पासून पूर्ण १००. सीएसआर रुपयांत मोजतात, ईपीआर टनांत. माझ्या मते एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

एकाचा खर्च दुसऱ्यात दाखवताही येत नाही. कायद्यानं जे करणं भागच आहे ते सीएसआरमध्ये धरायचं नाही, असं सीएसआरचे नियमच सांगतात. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच हिरव्या पानाखाली छापले जातात.

ईपीआरबद्दल आणखी एक गैरसमज आहे. कंपनी आपलंच पाकीट शोधून उचलत नाही. प्लास्टिकचे प्रकार पाडले आहेत: कडक, लवचीक, अनेक थरांचं वगैरे. त्याच प्रकारचं तितकं प्लास्टिक कुणीतरी नोंदणीकृत कारखान्यात प्रक्रिया केलं की त्याचं प्रमाणपत्र तयार होतं, आणि कंपनी ते विकत घेते. व्यवहार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. आता कागद आला की खोटा कागदही आला. २०२३ मध्ये मंडळाच्याच तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रं निघाली. न केलेल्या पुनर्चक्रीकरणाची.

तरीही मला ईपीआरच महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी दाखवलं. त्या गोणीपाशी बसून वेगळं काढत होत्या. पाण्याची बाटली एका बाजूला, दुधाची पिशवी झटकून दुसऱ्या बाजूला. मग आतून चंदेरी असलेलं वेफर्सचं पाकीट उचललं, माझ्यापुढे हलवलं आणि खाली टाकलं. "हे कोण घेतंय? वजनच नाही त्याला."

बाटलीला भंगारात भाव आहे, तिला यंत्र नसतं तरी ती उचललीच जाते. खरं तर ते यंत्र चालू होतं तेव्हा ताईंच्याच गोणीतला माल खात होतं. वेफर्सच्या पाकिटाला भाव नाही, किलोभर व्हायला शेकडो लागतात, आणि प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यानं ते वितळवून चांगलं काही बनत नाही. बरंचसं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. असल्या मालाचं उचलणं, वाहणं परवडावं म्हणून कुणाकडून तरी पैसे यायला हवेत, आणि ते बनवणाऱ्याकडून यावेत हेच ईपीआरचं गणित. ते ताईंच्या हातापर्यंत किती पोचतात, हा प्रश्न प्रमाणपत्रावर छापलेला नसतो.

काकांना मी घरातलं बिस्किटाचं पाकीट उलटं करून दाखवलं. मागे, किमतीच्या आसपास, बारीक अक्षरांत कंपनीचा ईपीआरचा नोंदणी क्रमांक होता. चष्मा लावून त्यांनी तो वाचला.

"आणि यंत्राचं?"

"यंत्रावर असला नंबर नाही, काका. नुसतं नाव आहे."