काकूंचं साठ टक्के हृदय

नंदगडहून काकूंचा फोन आला तेव्हा आवाज अगदी खोल गेलेला. "हृदय साठ टक्केच चालतंय म्हणे. चाळीस टक्के गेलं." बेळगावात तपासण्या करून त्या आदल्या दिवशीच गावी परतल्या होत्या. त्यांच्या धाकट्यानं फाइल उघडली, टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर 'एलव्हीईएफ ६०%' वाचलं आणि संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली भेटून गेली. कुणी शहाळं आणलं, कुणी म्हणालं लगेच मिरजेला हलवा. घरात सायन्स शिकलेला मी एकटाच, म्हणून फाइलचे फोटो माझ्या मोबाइलवर आले.

काकूंचं हृदय ठणठणीत होतं. एलव्ही म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा. शरीरभर रक्त ढकलण्याचं काम त्याचं. हा कप्पा भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त मावतं. एका ठोक्याला त्यातलं सत्तरेक मिलिलिटर बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. बाहेर पडलेल्या रक्ताचं भरलेल्या रक्ताशी प्रमाण म्हणजे ईएफ, इजेक्शन फ्रॅक्शन. निरोगी माणसातही ते साधारण ५५ ते ७० टक्के असतं. शंभर कुणाचंच नसतं, कारण कप्पा पिळून कोरडा होतच नाही. दहावीला पस्तीसवर पास होणाऱ्या आपल्या पिढीला टक्के म्हटले की शंभरपैकी गुणच दिसतात. इथे मात्र साठ म्हणजे उत्तम, आणि ४० किंवा त्याखाली आलं की डॉक्टर गंभीर होतात. शिवाय हा आकडा सोनोग्राफीच्या चित्रावरून काढलेला अंदाज असतो. गेल्या वर्षी ६२ आणि यंदा ५९ म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये.

त्याच कागदावर खाली 'नो आरडब्ल्यूएमए' लिहिलं होतं आणि तीच खरी आनंदाची बातमी होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर भिंतीचा तेवढा भाग मंद हलतो किंवा हलतच नाही. तसं काही दिसलं नाही, असा त्याचा अर्थ. पण ते कुणी वाचलं नाही, कारण त्यात आकडा नव्हता.

माझं मत असं, की फाइल अवघड वाटते ती विज्ञानामुळे कमी आणि पत्त्यामुळे जास्त. एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला घाईत लिहिलेली ती चिठ्ठी असते, आणि आपण ती आपल्याच नावे आलेलं पत्र समजून वाचतो. पहिल्याच ओळीत 'सी/ओ' होतं, म्हणजे कम्प्लेंट्स ऑफ. मी ते तक्रार असं वाचून दाखवलं तर काकू उसळल्या, "मी कुणाची तक्रार केली? छातीत जळजळतंय एवढंच म्हटलं." पुढे 'के/सी/ओ एचटीएन', म्हणजे ब्लडप्रेशरचा त्रास आधीपासून ठाऊक असलेला पेशंट. त्यातला सी म्हणजे केस. बेळगावात केस म्हटलं की लोकांना सुप्रीम कोर्टातली सीमावादाची २००४ ची आठवते. ही केस त्यामानानं फारच सौम्य.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते तपासणीच्या ओळीनं. नो पॅलर, इक्टेरस, सायनोसिस, क्लबिंग, लिम्फॅडेनोपॅथी, इडीमा. धाकट्यानं 'सायनोसिस' गुगलला विचारलं आणि निळ्या ओठांचे फोटो पाहून त्याचेच ओठ पांढरे पडले. खरी मेख पहिल्या शब्दात आहे. 'नो' एकदाच लिहितात आणि तो स्वल्पविरामांवरून शेवटपर्यंत धावतो. ही ओळ म्हणजे डॉक्टरांच्या हातांचा आणि डोळ्यांचा प्रवास आहे. खालची पापणी ओढून पाहिली, फिकटपणा नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर काविळीची पिवळी छटा नाही. ओठ-नखं निळी नाहीत, बोटांची टोकं फुगलेली नाहीत. मानेत गाठी लागल्या नाहीत. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला नाही. काकूंनाही ते आठवलं, "व्हय, पाय दाबून बघितलेला." दोन मिनिटांत झालेलं हे काम कागदावर मात्र सहा भयंकर शब्दांचं दिसतं.

औषधांच्या यादीत तर लॅटिन. गोळीपुढे 'बीडी' लिहिलेलं. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हा शब्द रोग्यापुढे मोठ्यानं उच्चारायचा म्हणजे पंचाईतच. ते आहे 'बिस इन डाय', दिवसातून दोनदा. आता गंमत बघा. लॅटिन बिस आणि संस्कृत द्विः हे भाऊभाऊ आहेत. 'टीडीएस' म्हणजे दिवसातून तीनदा, त्यातला टेर म्हणजे आपला त्रिः. डाय आणि दिवस एकाच घरातले. 'एचएस' म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. हा होरा आपल्या पंचांगातलाच. मूळ ग्रीक शब्द एकीकडे लॅटिनमध्ये गेला, दुसरीकडे आपल्या ज्योतिषात आला. आणि सोम्नी हा तर स्वप्नाचा नातलग. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे 'ओडी' दिसलं तर मात्र सावध. एरवी ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण तिथे ते ओक्युलस डेक्स्टर असतं, उजवा डोळा. अक्षि आणि दक्षिण हे त्याचे संस्कृत सोयरे. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. काकू ती गोळी रोज नेमानं घेत होत्या, पुडीत आहे ती संपवायची म्हणून. सगळ्या फाइलमधली मला काळजी वाटली ती एवढीच गोष्ट, आणि डॉक्टरांना फोन करून ती थांबवली.

रक्ताच्या रिपोर्टातला ठळक ठसा हा वेगळा प्रकार. शेजारी दिलेली नॉर्मलची मर्यादा बहुतेक तपासण्यांत अशी ठरते: निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घ्यायचे. म्हणजे विसांतला एक धडधाकट माणूसही मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के होते. फुल बॉडी चेकअप करून कागद हातात आल्यावर हे गणित आठवावं. अर्थात प्रत्येक ठळक आकडा असा सोडून देण्यासारखा नसतो. काकूंचं एचबीएवनसी ७.२ होतं, आणि ६.५ किंवा त्यावर म्हणजे मधुमेह. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतो. ७.२ म्हणजे सरासरी साखर १६० च्या आसपास. तपासणीच्या आदल्या रात्री उपाशी झोपून तो खाली येत नाही. लोहाची कमतरता असेल तर तो थोडा फसवा वर दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा सोबत बघायचा. या आकड्याला गल्लीतलं कुणी भेटायला आलं नाही.

मिरज-कोल्हापूरला दाखवायचं म्हणून फाइल सीमेपलीकडे नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात, आणि दाखल झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपावं लागतं. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहावीत, ही भर २०१६ ची. अक्षर लागलं नाही तर विचारायला लाजू नये.

पुढच्या खेपेला मी काकूंबरोबर गेलो. मेडिकलवाल्यानं पाकिटावर १-०-१ लिहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "ऊटद नंतर." मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर काकूच म्हणाल्या, "जेवल्यावर, कळलं. नंतर तर आपलाच शब्द की." मग पाकीट पिशवीत घालत त्यांनी मला विचारलं, "ते साठ टक्के सोड. कप्प्यात राहिलेलं पन्नास मिलिलिटर शिळं नाही ना होत?"

नाही होत. पुढच्या भरणीत ते नव्या रक्तात मिसळतं, आणि पुढच्या ठोक्यांत तेही बाहेर पडतं.