काट्यावर ८४५०, बिलावर ८४५०० : आमच्या यूएसबी केबलचा नवा ड्रायव्हर

गेल्या गळीत हंगामात एका वजनकाट्यावरून फोन आला. आधीची गाडी १२४५० किलो भरली, मागून आलेली ट्रॉली ८४५०. संगणकावर मात्र उमटलं ८४५००. काटा बरोबर होता. चूक आमच्या ड्रायव्हरची, म्हणजे काटा संगणकाला जोडणारी आमची केबल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची होती, म्हणून हे पत्रक.

केबलमधून आलेली अक्षरं ड्रायव्हर आधी मेमरीतल्या एका राखीव जागेत उतरवतो. तिला बफर म्हणतात. तिथं १२४५० लिहिलेलं होतं. त्यावर ८४५० आलं, चार अक्षरं बदलली, पाचवं जुनं शून्य तसंच राहिलं. या वेळी किती अक्षरं आली हे न बघता ड्रायव्हरनं पाचही पुढे ढकलली. काट्याचे जे इंडिकेटर (वजन दाखवणारे डबे) दर वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर पाठवतात, त्यांच्यावर ही चूक दिसतच नाही. आम्हालाही म्हणूनच उशिरा कळली. आता जेवढं आलं तेवढंच पुढे जातं.

दुसरी गोष्ट चिपची. आमच्या केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप आहे. ती मजकूर गठ्ठ्यागठ्ठ्यानं, म्हणजे पॅकेटांत पाठवते; ६४ बाइटच्या पॅकेटात पहिले २ बाइट स्वतःच्या स्थितीचे पाठवते, मजकुराला उरतात ६२. हे २ वजा करावे लागतात. पण पॅकेट अर्धवट, एकाच बाइटचं आलं तर? एकातून दोन गेले, उणे एक. आणि लांबीच्या खान्यात उणे चिन्हाला जागाच नसेल, तर संगणक तो आकडा ४२९ कोटींच्या वर वाचतो. मग ड्रायव्हर बफर ओलांडून भलत्याच मेमरीत शिरतो आणि संगणक बंद पडतो. नवा ड्रायव्हर दोनपेक्षा लहान पॅकेट सरळ टाकून देतो.

चालू कामात केबल उपसली तरी आता मशीन अडकू नये. आधी अर्धवट मागण्या रद्द होतात, त्या परत येईपर्यंत थांबलं जातं, मगच बफरची जागा मोकळी होते. जुन्यात क्रम उलटा होता. तरी उगाच उपसू नका.

बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एक विनंती: एकच वजन दोन पॅकेटांत तुटून येऊ शकतं. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत आकडा वापरू नका. हे ड्रायव्हर तुमच्यासाठी करत नाही.

नवा ड्रायव्हर टाकण्याआधी केबल काढा, जुना अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा. केबल जोडल्यावर आधी पाच आकडी वजन घ्या, लगेच चार आकडी. पडद्यावर पाचवा आकडा दिसला, तर जुनाच ड्रायव्हर चालू आहे. आम्हाला फोन करा.