कोकणातील वार्षिक मैदानी स्पर्धा व त्यांतील विक्रम

कोकणपट्टीत दरवर्षी होणाऱ्या धावणे, उडी व फेक या क्रीडाप्रकारांच्या स्पर्धा. त्यांत शालेय स्पर्धांचा वाटा सर्वांत मोठा. १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत मुलगे व मुली तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या क्रमाने वर जातात. शेवटची पायरी भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या (स्थापना १९५४) राष्ट्रीय स्पर्धेची. जिल्हा पातळीवरचे आयोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या स्पर्धा वेगळ्या भरतात. जिल्हा ॲथलेटिक्स संघटना निवड चाचण्या घेतात, तर महाविद्यालयीन खेळाडू मुंबई विद्यापीठाच्या वार्षिक स्पर्धेत उतरतात. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या क्रीडासंकुलात होणाऱ्या ‘डेरवण यूथ गेम्स’ना कोकणाबाहेरचे खेळाडूही येतात.

‘कोकणचा विक्रम’ असा शब्दप्रयोग बातम्यांत अधूनमधून होतो, पण शालेय क्रीडाव्यवस्थेत तशी नोंदच नसते. महसुली कोकण विभागात मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचे सात जिल्हे येतात. क्रीडा खात्याचा नकाशा मात्र निराळा आहे. ठाणे, पालघर व रायगड मुंबई विभागात, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात. त्यामुळे महाड आणि खेड यांच्यामध्ये जिल्ह्याची हद्द एवढेच अंतर असले, तरी तिथली दोन मुले राज्य स्पर्धेपूर्वी समोरासमोर येत नाहीत. दक्षिण कोकणच्या मुलांना विभागीय स्पर्धेसाठी घाट चढावा लागतो आणि गाठ पडते ती सातारा, सांगली, कोल्हापूरच्या धावपटूंशी. जिथे लांब पल्ल्याच्या धावण्याची जुनी परंपरा आहे, अशा भागाशी ही स्पर्धा असल्याने जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा विभागात मागे पडला तर त्यात नवल नाही.

जिल्हा विक्रमांची वहीही सलग नसते. त्याचे एक कारण म्हणजे बदललेल्या सीमा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यापूर्वी सावंतवाडी, मालवण वा कुडाळच्या खेळाडूची कामगिरी रत्नागिरी जिल्ह्याच्या नावे लागे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर निघाला आणि वसई, डहाणू, जव्हारच्या बाबतीत तेच घडले. अशा वेळी नव्या जिल्ह्याची पाटी कोरी असते आणि पहिल्या वर्षीचा प्रत्येक विजेता आपोआप विक्रमवीर ठरतो! कुलाब्याचे १९८१ मध्ये रायगड झाले, तेव्हा मात्र केवळ नाव बदलले.

मापेही बदलली. जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून ‘शंभर यार्ड’ येते. ते अंतर ९१.४४ मीटर भरते, म्हणजे आजच्या १०० मीटरपेक्षा साडेआठ मीटरने कमी. देशात मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने १९७६ मध्ये एक मैलाचा अपवाद सोडून यार्डांतील शर्यतींचे विश्वविक्रम मानणे थांबवले. भालाफेकीत पूर्वी शाळांतून बांबूचा भाला सर्रास चाले. धातूचा भाला आला, तरी पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९८६ मध्ये ४ सेंमी. पुढे सरकवण्यात आला व फेकीची अंतरे जगभर घटली. गोळ्याचे वजन वयोगटानुसार वेगळे असते, म्हणून नुसते ‘गोळाफेक, अमुक मीटर’ एवढ्या नोंदीवरून काहीच ठरत नाही.

खरी अडचण मैदानाची. कोकणात सपाट जमीन दुर्मीळ. सड्यावर, म्हणजे उंचावरच्या पठारावर, जांभ्याचा कातळ असतो. तिथे पडलेल्या मुलाचे गुडघे सोलून निघतात. खालचे मळे भातकापणीपर्यंत ओले राहतात. दक्षिण कोकणात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि तालुका स्पर्धा बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. सकाळी मारलेली फक्की दुपारच्या सरीत धुऊन गेली की आखणी पुन्हा करायची. उंच उडीची धाव तर चिखलात घेताच येत नाही. किनाऱ्यावरची मुले सरावाला पुळणीवर जातात. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू धावायला उत्तम असते, पण तिथे वेळ घेण्यात अर्थ नसतो, कारण अंतर पावलांनी मोजलेले असते.

अनेक शाळांच्या मैदानात ४०० मीटरचा ट्रॅक मावत नाही, म्हणून २०० मीटरचा आखतात. शंभर मीटरची सरळ धाव मग मैदानाच्या कर्णरेषेत घ्यावी लागते. बाहेरच्या लेनची फेरी लांब पडते, म्हणून तिला सुरुवातीला पुढे उभे करतात. चुकीला सर्वाधिक वाव असतो तो हे पुढे देण्याच्या अंतरात. लेनची रुंदी १.२२ मीटर. आतल्या बाजूला उंच कड असलेल्या प्रमाणित ट्रॅकवर एका फेरीसाठी दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर पुढे देतात. पण कड नसलेल्या, फक्कीच्या ट्रॅकवर मोजणी रेषेपासून २० सेंमी.वर होते आणि हे अंतर ७.६७ मीटर होते. वळणाची त्रिज्या कितीही असो, एका फेरीमागची वाढ तेवढीच. त्यामुळे २०० मीटरच्या ट्रॅकवर ४०० मीटरच्या दोन्ही फेऱ्या लेनमध्येच धावायच्या, तर दुसऱ्या लेनला १५.३३ मीटर पुढे उभे करायला हवे. पुस्तकातला ७.०४चा आकडा तसाच उचलला, तर ती मुलगी आठ मीटरहून अधिक जास्तीचे धावते आणि हरते. ‘बाहेरची लेन वाईट’ ही मैदानावरची समजूत काही अंशी अशाच आखणीतून आलेली असावी.

वेळेची गोष्ट याहून नाजूक आहे. हातघड्याळाने, म्हणजे हाताने कळ दाबून चालवायच्या स्टॉपवॉचने, वेळ घेताना पिस्तुलाचा धूर किंवा चमक दिसताच कळ दाबायची असते, आवाज ऐकून नव्हे. आवाजाला १०० मीटर यायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. केवळ शिटीवर सुरुवात होते, तिथे शेवटच्या रेषेवरचे घड्याळ तेवढे उशिरा सुरू होते व धावपटूची वेळ तेवढीच कमी दिसते. लाकडी क्लॅपर (एकमेकींवर आपटायच्या दोन फळ्या) किंवा खाली येणारे निशाण यासाठीच वापरायचे. तीन घड्याळांच्या वेळा वेगवेगळ्या आल्या, तर मधली धरतात, दोन जुळल्या तर ती. आणि शंभरांश नेहमी वरच्या दशांशात नेतात. ११.३२ ची नोंद ११.४ अशी होते. हा नियम न पाळता ११.३ लिहिणारा पंच एका फटक्यात विक्रम घडवू शकतो. स्वयंचलित वेळेशी तुलना करताना १०० व २०० मीटरच्या हातघड्याळी वेळेत ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे.

किनारी मैदानांवर दुपारनंतर खारे वारे सुटतात. २०० मीटरपर्यंतच्या शर्यती, लांब उडी व तिहेरी उडी यांतील विक्रमासाठी पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक चालत नाही. ज्या मैदानावर वातमापक नाही, तिथली वेगवान धाव स्पर्धा जिंकून देते, पण काटेकोर अर्थाने विक्रम म्हणून टिकत नाही.

नोंदी जपण्याकडे दुर्लक्ष होते, याचे मूळ प्रमाणपत्रात आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षण या दोन्हींसाठी विचारात घेतात ती स्पर्धेची पातळी व मिळालेला क्रमांक. सेकंद वा मीटर विचारले जात नाहीत, म्हणून प्रमाणपत्रावर ते बहुधा लिहिलेही जात नाहीत. ते राहतात पंचांच्या गुणपत्रकात, आणि ती गुणपत्रके पुढच्या वर्षीच्या स्पर्धेपर्यंत क्वचितच सांभाळली जातात.