गाडी उलाळ होते तेव्हा

पिंपळगाव बसवंतला माल बैलगाडीतून यायचा ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ‘उलाळ’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. मागच्या बाजूला दोन गोणी जास्त पडल्या की जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. गाडी उलाळ झाली म्हणायचे. नाशिकच्या कॉलेज रोडवरची पोरं मोटरसायकलचं पुढचं चाक उचलतात, ती व्हीली म्हणजे तीच उलाळ. फरक एवढाच की इथे कुणी मागे गोण्या टाकत नाही. इथे रस्ता गाडीला ढकलतो.

माझा भाचा गेल्या महिन्यात विचारत होता, “मामा, स्टंटसाठी २०० सीसी घेऊ की ३५०?” मी म्हटलं, सीसी सगळ्यात शेवटी बघ. तो हिरमुसला. म्हणून हा हिशोब.

मागचं चाक रस्त्याला मागे रेटतं, रस्ता गाडीला पुढे रेटतो. हा रेटा लागतो जमिनीलगत. गाडी आणि चालक यांचा मिळून गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) मात्र टाकीच्या आसपास, साधारण ६५ सेंटिमीटर उंचीवर असतो. खालून ओढलं की वरचं मागे राहतं, आणि नाक वर जाऊ पाहतं. त्याला खाली धरून ठेवतं वजन, कारण गुरुत्वमध्य मागच्या टायरच्या टेकूपासून अंदाजे तितकाच, ६५ सेंटिमीटर पुढे असतो. दोन्ही अंतरं सारखी असतील तर पुढचं चाक सुटायला गुरुत्वाइतकं, म्हणजे ९.८ मीटर/सेकंद² त्वरण लागतं. म्हणजे एका सेकंदात ताशी ३५ किलोमीटरने वेग वाढला पाहिजे. गंमत म्हणजे या समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंना येतं आणि कटून जातं. भूमिती ठरवते किती त्वरण हवं. वजन फक्त एवढंच ठरवतं की त्यासाठी बळ किती लागेल. (टायरला पकडही तेवढीच हवी. गोदाकाठच्या शेवाळलेल्या फरशीवर कितीही पिळा, चाक जागेवर गरगरेल, नाक उचलणार नाही.)

आता २०० सीसी वर्गातली गाडी घेऊ. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १९ न्यूटन-मीटर धरू. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २८ वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं, म्हणून चाकाशी टॉर्क होतो जवळपास ५३० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, म्हणजे रेटा साधारण १७७० न्यूटन. गाडी १४० किलो, पोरगा ६० किलो. त्वरण येतं ८.९, आणि हवं होतं ९.८. थोडक्यात हुकलं, शिवाय चेन आणि गिअरबॉक्समध्ये काही जातंच.

इथून पुढे युक्त्या सुरू होतात. सीटवर १० सेंटिमीटर मागे सरकलं की एकत्र गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटर मागे जातो आणि लागणारं त्वरण ९.३ च्या आसपास येतं. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ४३ दातांऐवजी ५० चं बसवलं की रेटा १६ टक्क्यांनी वाढतो आणि पहिल्या गिअरचा वेग १४ टक्क्यांनी उतरतो. हे दुसरं जास्त मोलाचं, कारण स्टंटमध्ये हळू चालवता येणं हीच खरी कसोटी. आणि क्लच: इंजिन वर चढवून तो झटकन सोडला की क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्यात, साठलेली ऊर्जा एका क्षणात चाकाला मिळते. म्हणूनच छोट्या इंजिनांच्या गाड्याही नाक उचलतात.

यामाहाच्या आरएक्स १०० चं वेड कशामुळे, तेही यात आहे. ९८ सीसी, पण अंगाने हलकी आणि दोन चाकांतलं अंतर सुमारे १२४० मिलिमीटर. त्याउलट रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० मध्ये ते १३९० मिलिमीटर आणि वजन १९५ किलो. बुलेटवर माझंही प्रेम आहे, पण स्टंटसाठी नाही.

आता भाच्याला न पटलेली गोष्ट. नाक साधारण ६० अंशांपर्यंत उचललं की गुरुत्वमध्य थेट टेकूच्या वर येतो. त्या बिंदूवर गाडी थ्रॉटलशिवायही तोललेली राहते. त्यापुढे गेली की पाठीवर. तिथून तिला वेळेत परत आणतो फक्त मागचा ब्रेक, कारण तो जमिनीशी उलटा रेटा देतो आणि नाक खाली येतं. थ्रॉटल सोडून नाक खाली येतं खरं, पण उशिरा आणि धपकन. म्हणून मागे ड्रम असलेल्या गाडीपेक्षा बोटभर दाबानेही ताबा देणारा डिस्क हवा. सरावलेले स्टंट रायडर त्यासाठी डाव्या हाताशी वेगळा लिव्हर बसवतात, कारण उभ्या गाडीवर पाय नेहमी पेडलवर नसतो.

नव्या गाड्यांमध्ये आणखी एक भानगड. ट्रॅक्शन कंट्रोलला दिसतं की मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरतंय. त्याला वाटतं टायर घसरतोय, आणि ते ऐन वेळी ताकद कापतं. ते बंद करता येतं का, आणि मागचं एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वेगळं बंद होतं का, हे आधी विचारावं.

फार वेळ उभी धरली तर तेलही दगा देतं. चार-स्ट्रोक इंजिनातलं तेल मागे वाहतं, पंपाचं तोंड कोरडं पडतं आणि बेअरिंग बिनतेलाची फिरतात. हळू वेगात वाराही लागत नाही, म्हणून लिक्विड-कूल्ड आणि पंखा असलेलं इंजिन जास्त तग धरतं.

रस्त्यावर हे करू नये, एवढं सांगणं भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८४ धोकादायक चालवण्याला लागतं, कलम ५२ मनमानी फेरबदलांना. जागा बंदिस्त, जमीन मोकळी, डोक्यावर फुल-फेस हेल्मेट.

जुनी घेणार असशील तर आधी कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, बघ. पुढचं चाक हवेत धरून हँडल हळू फिरव. मध्ये खटका लागला तर गाडी कुणीतरी धाडकन उतरवत आलाय. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का बघ. मग सोडताना क्लच घसरतो का ते बघ. सायलेन्सर नंतर ऐक.